माठाखालची जागा

जंगलाची हद्द जिथे संपते तिथे एक कौलारू घर होते, आणि त्या घराच्या परसात एक बेडूक राहत असे. अंगाने गुबगुबीत, चालीने ऐटबाज, आणि स्वतःच्या अकलेवर भारी भरवसा असलेला. मुलांनो, बेडकांची एक रीत तुम्हांला ठाऊक असेल; नसेल तर ऐका. थंडी सरत आली आणि जमीन सुकू लागली, की हा बेडूक मातीत खोल खड्डा करी, मागच्या मागे आत सरके आणि पाऊस येईपर्यंत झोपून राही. खायचे नाही, प्यायचे नाही. भोवतालची माती ओलसर राहिली तर बेडूक जगला, सुकली तर संपला. तेव्हा जागा निवडणे हा त्याच्या जिवाचा प्रश्न.

त्या वर्षी त्याची मोठीच पंचाईत झाली. विहिरीजवळची त्याची जुनी जागा घरच्या माणसांनी फरशी घालून पार बुजवली. माघ महिना लागलेला, माती रोज थोडी थोडी सुकत चाललेली. बेडूक जागा शोधायला निघाला. घराच्या दक्षिणेच्या भिंतीशी गेला, तर तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन. "छे छे! इथं राहायचं की भाजून निघायचं?" असे म्हणत तो वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी आला. तिथे मात्र गारेगार सावली. भिंतीच्या पायथ्याशी ओल होती, दगडावर शेवाळ होते. बेडकाने पोट मातीला टेकवून पाहिले आणि त्याला अगदी धन्य वाटले.

तो खणायला लागणार, एवढ्यात कुंपणावरून आवाज आला, "बेडूकराव, इथं नका खणू."

कुंपणाच्या काठीवर एक सरडा ऊन खात बसला होता. त्याला दिवसभर दुसरा उद्योग नसे. ऊन सरकले की हा सरके, ऊन जाईल तिकडे हा जाई.

"का बरं?" बेडकाने विचारले.

"ही सावली माघातली आहे. वैशाखात ती इथं राहायची नाही. तुम्ही त्या पलीकडे, दक्षिणेच्या भिंतीशी खणा."

बेडूक गळा फुगवून हसला. "वा रे वा! जिथं दिवसभर ऊन पडतं, तिथं मी सावलीसाठी जाऊ? सरडेभाऊ, मी सावलीत जन्मलो, सावलीत वाढलो. तुम्ही पडलात उन्हातले. तुम्हांला सावलीतलं काय कळणार?"

"बरं, माझं नका ऐकू," सरडा शांतपणे म्हणाला. "पण थोडं थांबा तरी. फाल्गुन संपता संपता घरातल्या वहिनी पाण्याचा माठ बाहेर काढतात. त्या माठ कुठं ठेवतात ते बघा आणि तिथं खणा. आणि कुरडयांची खाट कुठं टाकतात तेही बघा. तिथून लांब राहा."

"बायका खाट कुठंही टाकतील! तेवढ्यासाठी मी दोन महिने ताटकळू? तोवर माती दगड होईल," बेडूक म्हणाला, आणि सरड्याकडे पाठ फिरवून खणू लागला. थोड्याच वेळात तो दिसेनासा झाला. सरड्याने मान दोनदा वरखाली केली आणि तो उन्हामागे पुढच्या काठीवर सरकला. सांगण्याचे काम त्याने केले होते.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बेडकाने आयुष्यात कधी वैशाख पाहिलाच नव्हता. दरवर्षी त्या दिवसांत तो जमिनीखाली झोपलेला असे. सावलीची जी काही माहिती त्याला होती, ती पावसाळ्यातली आणि थंडीतली. पण आपल्याला काय माहीत नाही, हेही त्याला माहीत नव्हते.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकत होता. वैशाख लागला तेव्हा तो उत्तरेच्या भिंतीवर सकाळी एका बाजूने आणि तिसऱ्या प्रहरी दुसऱ्या बाजूने तिरपा येऊ लागला. शेवाळ काळे पडून गळाले. माती तडकली. आणि एके दिवशी बेडकाला जाग आली ती अंगाची लाहीलाही होऊन. कातडी ताठरली होती, घसा कोरडा पडला होता. कसाबसा माती उकरत तो वर आला आणि त्याचे डोळेच दिपले. बाप रे! हीच का ती आपली गार जागा?

समोर अंगणात एक खाट होती, तिच्यावर पांढरे धोतर अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. बेडूक धडपडत खाटेखाली शिरला. तेवढीच काय ती सावली. शेजारच्या काठीवर सरडा होताच.

"सरडेभाऊ, मी मरतो आता," बेडूक घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याची ऐट कुठल्या कुठे गेली होती.

"आत्ता हलू नका," सरडा म्हणाला. "ऊन पश्चिमेला झुकू द्या. मग पूर्वेची भिंत सावली टाकील. तिच्या कडेकडेनं दक्षिणेला जा. तिथं माठ आहे."

बेडूक खाटेखाली दबून बसला. दुपार टळली. तोच पावले वाजली. वहिनी आल्या, एक कुरडई मोडून पाहिली आणि म्हणाल्या, "वाळल्या बाई एकदाच्या!" त्यांनी धोतराची चार टोके धरून गाठोडे बांधले आणि खाट उचलून भिंतीला लावली. बेडूक उघडा पडला. मागे दोन हातांवर त्याचा खड्डा, पुढे दहा हातांवर घराचा कोपरा, आणि मध्ये तापलेली जमीन.

खड्डा जवळ होता. आपला होता, स्वतः खणलेला होता. बेडूक तिकडे वळला.

"तिकडं गेलात तर परत वर येणार नाही!" सरडा ओरडला. "कोपऱ्यापलीकडे सावली पडली आहे. मी स्वतः बघून आलोय. उडी मारा!"

बेडकाला कोपऱ्यापलीकडचे काही दिसत नव्हते. पण या खेपेस त्याने वाद घातला नाही. डोळे मिटून त्याने उडी मारली, मग दुसरी, मग तिसरी. पोट भाजत होते. सातव्या उडीला तो कोपऱ्याआड पडला, आणि पोटाखाली जमीन गार लागली.

भिंतीच्या कडेने सरपटत तो दक्षिणेला पोचला. माघात जिथे लख्ख ऊन होते, तिथे वळचणीखाली दिवसभराची दाट सावली होती. तिवईवर माठ होता. माठ पाझरत होता, आणि खालची माती चिखल झाली होती. बेडूक त्या चिखलात गळ्यापर्यंत रुतला. वरून एक थेंब त्याच्या डोक्यावर पडला, मग आणखी एक.

जरा तरतरी आल्यावर तो म्हणाला, "सरडेभाऊ, तुम्ही तर सावलीत कधी बसत नाही. मग सावली इथं येणार, हे कळलं कसं?"

"सावलीचं मला काय कळणार?" सरडा म्हणाला. "मी बारा महिने उन्हामागं फिरतो. ऊन कुठं कुठं जातं ते ठाऊक आहे. उरली ती सावली."

बेडकाने मान खाली घातली. मग तिथेच त्याने खड्डा केला आणि पाऊस येईपर्यंत सुखाने झोपला. पुढच्या माघात खणायची वेळ आली, तेव्हा मातीला पोट टेकवण्याआधी तो कुंपणापाशी गेला आणि म्हणाला, "दादा, यंदा कुठं खणू?"

तात्पर्य : एका ऋतूत पाहिलेल्या सावलीवर बारा महिन्यांचे घर बांधू नये, आणि सावली हवी असेल, तर ज्याने उन्हे पाहिली आहेत त्यालाच विचारावे.