गिटारला सोसेल अशी तार

एका तालुक्याच्या गावी जोतिराम नावाचा एक लाइनमन होता. ज्या दिवशी बातमी आली, तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला होता. बाजारपेठेतली वीज गेली होती, दुकानदार खाली उभे राहून वर बघत होते आणि जोतिराम खांबावर चढून तुटलेली तार जोडत होता. दिवे लागले, कुणीतरी "वा, जोतिराम!" म्हणालं. खाली उतरून त्याने हातमोजे काढले, तेव्हा मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत फोन वाजत होता. शहरात शिकायला गेलेली त्याची मुलगी रेवती रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडून गेली होती.

तिच्या सामानाबरोबर तिची गिटार घरी आली.

दिवसकार्य उरकलं तसा जोतिराम गावातल्या वृद्ध संगीत मास्तरांकडे गेला. रेवती शाळेत असल्यापासून त्यांच्याकडेच शिकली होती. तिने स्वतः एक धून रचायला घेतली होती. जेवढी झाली होती तेवढी ती मास्तरांना सुट्टीत येऊन वाजवून दाखवत असे.

"ती मला शिकवा," जोतिराम म्हणाला. "वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या शाळेत वाजवायची आहे. तिच्याच गिटारवर."

मास्तरांनी त्याची राठ बोटं हातात घेऊन पाहिली. "या वयात?"

"खांबावर पहिल्यांदा चढलो तेव्हा पाय लटपटत होते, मास्तर. तरी चढलोच."

वर्षभर तो ड्यूटी संपली की मास्तरांकडे जाई आणि त्यांच्या गिटारवर सराव करी. बोटं सोलवटली, पुन्हा घट्ट झाली. मास्तर अधूनमधून चिडवत, "जोतिराम, तो खांब नाही. सोडलात तर पडणार नाही तुम्ही." तो हसत नसे. तीच ओळ पुन्हा धरी.

वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा कुठे त्याने रेवतीच्या गिटारची पेटी उघडली. तारा बद्द झाल्या होत्या, एक तुटून लोंबत होती. तो दुकानात गेला.

"स्टीलच्या देऊ की नायलॉनच्या?" दुकानदाराने विचारलं.

"स्टीलच्या द्या. नायलॉनवर आमच्याकडे कपडे वाळत घालतात."

"तसं नव्हे. गिटार कसली आहे ते बघून..."

"मुलीची आहे," जोतिराम म्हणाला. दुकानदाराने पुढे काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी त्याने नव्या तारा चढवल्या, कचकचून सुरात आणल्या आणि गिटार घेऊन मास्तरांचं घर गाठलं. पहिली ओळ खणखणीत उमटली. "ऐकलंत? शेवटच्या रांगेपर्यंत जाईल!"

मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली आणि एकेक खुंटी उलटी फिरवू लागले. साऱ्या तारा सैल होऊन लोंबू लागल्या, तरी त्यांचा हात थांबला नाही.

"अहो, मास्तर! परवा कार्यक्रम आहे. सूर लावायचा सोडून हे काय चालवलंय?"

मास्तरांनी कोनाड्यातली फूटपट्टी उचलून गिटारच्या पोटावर आडवी ठेवली. पोट सपाट असतं तर ती निवांत टेकली असती. ती सीसॉसारखी डुलली. मग तारा ज्या लाकडी पट्टीला अडकवतात, तिच्या खाली त्यांनी एक जुनं बसचं तिकीट सरकवलं. जिथे फट नसायला हवी, तिथे तिकिटाचा कोपरा आत गेला.

जोतिरामचा चेहरा उतरला. तिची म्हणावी अशी एवढीच वस्तू उरली होती. "मोडली का हो?"

"अजून नाही. चार दिवस अशीच राहिली असती, तर पट्टी उखडली असती." मास्तरांनी फूटपट्टी परत ठेवली. "मला सांगा, उन्हाळ्यात नवी लाइन ओढता, तेव्हा तार ताठ ठेवता?"

"छे! झोळ सोडतो. थंडीत तार आखडते. ताठ ओढली तर तुटते, नाहीतर खांब वाकवते."

"आणि झोळ किती, ते कशावरून ठरवता?"

"खांबांमधलं अंतर बघायचं. खांब कसला आहे, तार कसली आहे, ते बघायचं."

"गावाला उजेडाची किती घाई आहे, ते बघून नाही?"

जोतिरामने लोंबणाऱ्या तारांकडे पाहिलं.

"ही गिटार नायलॉनसाठी घडवलेली आहे," मास्तर म्हणाले. "हिचं लाकूड पातळ. स्टीलचा ताण हिला जवळजवळ दुप्पट होतो. स्टीलची तार वाईट नव्हे. त्या ताणासाठी बांधलेल्या गिटारवर ती शोभते. पण आपल्याला आवाज किती हवा, हा विचार नंतरचा. वाद्याला काय सोसेल, हा आधीचा. वर्षभर तुम्ही स्वतःलाही असंच ताणून धरलं आहे. निश्चय हवाच, जोतिराम. पण थोडा झोळ ठेवा."

जोतिराम म्हणाला, "मग शेवटच्या रांगेला ऐकू जायचं कसं?"

"पहिल्या रांगेला गप्प बसवा."

मास्तरांकडे नायलॉनच्या तारांचा एक नवा संच होता. दोघांनी मिळून गाठी मारल्या. "या तारा सारख्या सुरातून उतरतील," मास्तर म्हणाले. "पुन्हा लावायच्या. तुमचं काही चुकलं म्हणून नव्हे. नवी तार अशीच बसते." त्यानंतर जोतिराम सकाळी उठल्यावर, जेवायला घरी आल्यावर, झोपायच्या आधी, गिटार सुरात लावत राहिला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं. त्याने पहिला स्वर छेडला आणि तो त्यालाच ऐकू आला नाही. वर पंखे घरघरत होते. तो उठला, गिटार खुर्चीवर ठेवली, भिंतीशी गेला आणि एकेक बटण बंद केलं.

"लाइनमननेच लाइट घालवली," कुणीतरी पुटपुटलं. थोडी खसखस पिकली. मग पंख्यांची पाती थांबली आणि उकाड्यात सगळे स्तब्ध झाले.

आवाज लहान होता, पण गोल आणि उबदार होता. शेवटची रांग पुढे वाकली. रेवतीने जिथवर धून आणली होती, तिथवर जोतिरामने ती वाजवली आणि हात तारांवर ठेवला.

लोक थांबून राहिले. मागून रेवतीच्या एका मैत्रिणीने विचारलं, "काका, पुढे?"

"एवढीच आहे," जोतिराम म्हणाला आणि पंखे लावायला उठला.

धून पुरी व्हायची राहिली.