रावबानं हात वर केला

फार फार वर्षांपूर्वी, कुसळवाडीला अजून रस्ता नव्हता आणि हुतुतूला कुणी कबड्डी म्हणत नव्हतं, तेव्हा या गावात रावबा दुधाळ नावाचा गडी होता. अंगानं काही फार थोराड नव्हता. पण दम! रावबानं 'हुतुतू' म्हणायला सुरुवात केली की बायका घागरी घेऊन विहिरीवर जायच्या, पाणी शेंदायच्या, वाटेत सासवांचा यथेच्छ उद्धार करून घरी परतायच्या, आणि रावबाचा तोच श्वास अजून चाललेला असायचा, असं म्हणतात. हसताय? हसा. जुनी माणसं मात्र शपथेवर सांगायची.

कुसळवाडी आणि शेजारचं हिवरतळे यांच्यामधे एक माळ होता. त्या डोंगराळ मुलखात तेवढीच काय ती सपाट जागा, आणि माती अशी मऊ की पडलं तरी लागू नये. कुसळवाडीची जनावरं तिथं चरायची, पोरं तिथंच खेळायची. हिवरतळ्याचं म्हणणं, माळ आमचा. त्यावरून दरसाल डोकी फुटायची. शेवटी दोन्हीकडची जाणती माणसं बसली. यात्रेच्या दिवशी हुतुतूचा एकच डाव खेळायचा, जिंकेल त्याचा माळ, असं ठरलं. देवीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून बोलणं झालं, म्हणजे माघार नाही.

डाव असा रंगला की यात्रेतले पाळणे रिकामे पडले. दोन्हीकडचे गडी एकेक करून बाद झाले. शेवटी इकडं रावबा उरला आणि तिकडं धर्मा नावाचा आडदांड गडी. रावबा दम घेऊन शिरला आणि धर्माला शिवला. पण परत फिरताना धर्मानं त्याच्या कमरेला मिठी मारली. रावबा त्याला तसाच फरफटत रेघेपर्यंत घेऊन आला आणि हात पलीकडं टाकला. वाजत असलेले ढोल आणखी कडाडले, भंडारा उधळला. कुसळवाडी जिंकली, असं पंचांनी सांगून टाकलं. लोकांनी रावबाला खांद्यावर घेतलं.

तेव्हा खांद्यावर बसलेल्या रावबानं हात वर केला. लोकांना वाटलं, आनंदानं केला.

"उतरवा मला," तो म्हणाला. "रेघ गाठायच्या आधीच माझा दम तुटला होता. ढोलाच्या आवाजात तुम्हाला कळलं नाही. मला कळलं."

झालं! माळ गेला.

गावानं रावबाशी बोलणं टाकलं. तो पारावरून जाताना म्हातारे पाठ फिरवायचे. त्यातले तात्या पाटील तर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "आला बघा आपला हरिश्चंद्र!" रावबाची बायको गजरा फटकळ, पण मनाची मोठी. ती म्हणाली, "खरं बोललात, बरं केलंत. पण आता म्हशी काय माझ्या डोक्यावर चारू? आणि गावच्या पोरांनी खेळायचं कुठं?"

म्हशी रावबा बांधाबांधानं चारू लागला. पोरांसाठी त्यानं पहार उचलली.

गावामागं खडकाळ उतार होता. शेळीसुद्धा तिथं विचार करून पाय टाकायची. रावबा रोज शेतातलं काम उरकून तिथं जायचा आणि धोंडे उपटायचा. मधोमध एक थोरला धोंडा होता, बैलजोड्या लावूनही न हललेला. रावबानं दम धरला, हुतुतू म्हणत खांदा लावला, आणि तो धोंडा बैलासारखा उठून आपल्या पायांनी बाजूला गेला, असं म्हणतात. मी काही बघायला नव्हतो. पण धोंडा अजून मैदानाच्या कडेला आहे, आणि तिथं तो कुणी नेला, हे दुसरं कुणी सांगत नाही.

रावबानं कुणाला 'या' म्हटलं नाही. आधी गजरा पाटी घेऊन आली. मग तिच्या मागून बायका आल्या. बायका दगड वाहताना बघून पारावरचे गडीही लाजेकाजेनं उठले. तात्या पाटील तेवढे बसून राहिले. अशी कितीतरी वर्षं गेली आणि उतार सपाट झाला.

पण खाली निघाला नुसता मुरूम. पोरं खेळायला उतरली आणि पहिल्याच डावात सगळ्यांचे गुडघे सोलून निघाले. मऊ माती होती ती त्या माळावर. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? रावबा धोंड्यावर बसला आणि गावादेखत रडला. म्हणाला, "पोरांचं मैदान मी घालवलं, आणि बदल्यात दिलं काय, तर रक्त!"

ती गोष्ट हिवरतळ्याला कळली. एके सकाळी घुंगरांचा आवाज आला. मातीनं भरलेल्या गाड्यांची रांग चढ चढत होती. पहिल्या गाडीवर धर्मा होता, आता केस पिकलेला.

"रावबा," तो म्हणाला, "त्या दिवशी तुझा दम तुटलेला मीही ऐकला होता. पण मी सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं? पुन्हा डोकी फुटली असती. माळ आम्हाला तुझ्या शब्दानं मिळाला. ही त्याचीच माती. बोल, कुठं ओतू?"

मग तात्या पाटील काठी टेकत आले, पहिली पाटी त्यांनी भरली आणि रावबाच्या हातात दिली. त्या दिवसापासून माळही दोन्ही गावांच्या जनावरांना मोकळा झाला. गजरानं म्हशींचा विषय काही सोडला नव्हता, तिनं तो तिथंच धर्मापुढं काढला.

पुढं रावबानं त्या मैदानावर दोन्ही गावांची पोरं घडवली, पोरीसुद्धा. म्हातारपणी पाय गेले, तरी मैदानाच्या कडेला बाज टाकून बसायचा. अशाच एका यात्रेच्या दिवशी डाव चालू असताना तो बाजेवरूनच हळूच 'हुतुतू' म्हणू लागला. खेळ थांबला. सावल्या लांबल्या, गुरं घरी आली, तरी त्याचा श्वास चालूच होता, असं म्हणतात. मग आवाज इतका बारीक झाला की कुणालाच काही कळेना. तेव्हा रावबानं आपणहून हात वर केला. तो हात खाली आला तेव्हा रावबा गेला होता.

आजही यात्रेला हिवरतळ्याचे गडी ओंजळभर माती घेऊन येतात आणि मधल्या रेघेवर घालतात. मग डाव सुरू होतो. पंच नसतो. ज्याचा दम तुटेल त्यानं आपला हात आपण वर करायचा. बाहेरगावचे पाहुणे हटकून विचारतात, "आणि एखाद्यानं नाही केला तर?"

धोंड्याशेजारी अजून एक रिकामी बाज टाकलेली असते. सगळी माणसं नुसती तिकडं बघतात, आणि थोड्या वेळानं हात वर येतो.