विटांमधली वाट

"उस्ताद, शंभरच्या वेगात मी कधी पडलो नाही. मग दहाच्या वेगात कसा पडलो?"

दस्तगीर उस्ताद मैदानात विटा मांडत होते. मिरजेत जुन्या गिरणीमागं चाळीस वर्षं ते लोकांना स्कूटर शिकवत आलेले. त्यांची शेवटची परीक्षा एकच. माणूस चालतो त्याहून हळू, पाय न टेकता, विटांमधून नागमोडी गाडी काढायची.

रणधीर मगदूमनं ती परीक्षा दिलीच नव्हती. "हे म्हाताऱ्यांचं काम," म्हणून विशीतच निघून गेला होता. पुढं घाटातल्या शर्यती जिंकल्या, पेपरात फोटो आले. उस्तादांकडं त्यानं परत फिरकूनही पाहिलं नाही.

आज बावीस वर्षांनी आला होता. दाढी वाढलेली. धडधाकट स्कूटर ढकलत आणलेली.

"कुठं पडलास?"

"मंडईच्या वळणावर. बायको मागं बसली होती, एका अंगावर, दोन्ही पाय एकीकडं सोडून. मांडीवर भाजीची पिशवी. समोर हातगाडी आली..."



"ब्रेक कुठला दाबलास?"

"...पुढचा."

"आणि हँडल?"

"वळलेलं होतं."

उस्तादांनी हातातली वीट हळूच खाली ठेवली.

वळलेल्या चाकाला पुढचा ब्रेक लागताच गाडी नुसती आडवी झाली होती. रणधीरला खरचटलंसुद्धा नाही. मागं बसलेल्या त्रिशलाचं डोकं मात्र रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"चार महिने झाले. सगळे म्हणतात, नशीब. सासरेही तेच म्हणाले. तुम्ही खरं सांगा, उस्ताद. चूक कुणाची?"

"तुझी."

रणधीर मटकन खाली बसला. इतके दिवस डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते आता आवरेना. मैदानात तो लहान पोरासारखा रडला.

उस्ताद शेजारी मातीत बसले. "गप" म्हणाले नाहीत...

बऱ्याच वेळानं रणधीरनं तोंड पुसलं.

"लेक आठवीत आहे. माझ्या मागं बसत नाही. भर उन्हात शाळेला चालत जाते. काही बोलतही नाही. मी तिला काय सांगू?"

उस्तादांनी विटांकडं बोट दाखवलं.

"गाडी चालू कर."

पहिल्याच विटेला रणधीरचा पाय टेकला. दुसऱ्यांदा गाडी विटेवरच चढली. घाट कोळून प्यायलेला माणूस घामानं निथळला.

"चाकाकडं बघू नकोस. जायचं तिकडं बघ."

पुन्हा पाय टेकला.

"मागचा ब्रेक हलका धरून ठेव. जोर लावू नकोस."

ऊन उतरायला लागलं. कितव्यांदा कोण जाणे, गाडी शेवटच्या विटेपलीकडं निघाली. पाय टेकला नव्हता.

रणधीरच्या तोंडावर हसू आलं नाही. त्यानं नुसती मान खाली घातली.

तेवढ्यात उस्ताद उठले. सत्तरी उलटलेली, एक पाय अधू. ते लंगडत आले आणि मागच्या सीटवर बसले. एका अंगावर.



"नको, उस्ताद. उतरा. त्या दिवसापासून मागं कुणी..."

"चल."

"माझ्यानं होणार नाही."

"चल म्हटलं ना."

गाडी निघाली. पहिली वीट. दुसरी. मधल्या वळणावर हँडल थरथरलं, गाडी कलली, पाय खाली जाऊ लागला... रणधीरनं नजर उचलली. लांब, मैदानाच्या टोकाला धरली.

गाडी सावरली. शेवटची वीट मागं पडली.

त्यानं इंजिन बंद केलं. रणधीरला मागं वळून बघायचा धीर होईना.

"उस्ताद... भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर तुला घट्ट धरलं होतं."