नावटेकडीची भाऊबीज

बसा मंडळी, दम घ्या. टेकडी छोटी दिसते पण पायांचा हिशेब घेते. फक्त त्या दगडी चौथऱ्यावर तेवढं बसू नका. तो देवाचा नाही, कुणाची समाधीही नाही. भाऊबीजेला तिथे एक बाई पाट मांडून बसते. समोर निरांजनाचं ताट आणि ताटाशेजारी लॅपटॉप. खालच्या दोन्ही गावांचे ढोल दोन्ही अंगांनी वर चढतात, टेकडी दणाणून जाते, आणि मग ती बाई गावाचं नाव पुढच्या वर्षासाठी भरते. हसू नका. कितीदा सांगितली असेल ही गोष्ट, पण सांगायला लागलो की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

हे अलीकडे दिसतंय ते हिरडोली बुद्रुक, माझं गाव. नदीपलीकडचं हिरडोली खुर्द. नाव एक, देवी एक आणि धंदाही एकच, ढोल बनवायचा. चांगला ढोल आमचाच. खुर्दचा माणूस भेटला तर तो उलट सांगेल. त्याचं ऐकून घ्या आणि ढोल आमच्याकडून न्या.

इंटरनेट नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या पोरांना ती पेशवाईइतकी जुनी वाटते. तेव्हा प्रत्येक देशाला नावापुढे लावायला आपापलं शेपूट मिळालं होतं, आपल्या देशाला 'डॉट इन'. असं सांगतात, की ज्यांचा नावावर आधीपासून हक्क होता त्या कंपन्यांना पहिल्यांदा आत घेतलं आणि मग एके दिवशी दार सगळ्यांना उघडलं. नियम सोपा होता. जो आधी मागेल त्याचं नाव, आणि एक नाव एकालाच. आता पुण्याचे पाहुणे हमखास विचारतात, की मग 'हिरडोली खुर्द' असं वेगळं का नाही घेतलं? अहो, खुर्द म्हणजे धाकटं. जगभर आपणहून धाकटं कोण म्हणवून घेईल? आणि आम्ही थोरले, आम्हाला दुसरं शेपूट कशाला?

तर त्या दिवशी बुद्रुकमधून हिंदुराव निघाला आणि खुर्दमधून धोंडीराम. दोघेही नामी ढोलकरी, आणि नात्याने मेव्हणे. हिंदुरावाची धाकटी बहीण गवराबाई धोंडीरामला दिलेली. दोघांच्या सायकली तालुक्याला फिरोज तांबोळीच्या सायबर कॅफेसमोर एकदमच थांबल्या. दार अरुंद. दोघे एकदम घुसले आणि दारातच अडकले. "आधी मी!" "सरका दाजी, थोरला मान आमचा!" कॉलर धरल्या गेल्या, कुणाच्या तरी पायात वायर आली आणि फिरोजचं इंटरनेट बंद पडलं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत दूरच्या शहरातल्या कुणा अनोळखी माणसाने हिरडोली डॉट इन घेऊनही टाकलं होतं, म्हणे. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! त्या पानावर काय लागलं? केस वाढवायच्या तेलाची जाहिरात.

मग जे झालं ते वाईट झालं. हिंदुरावाने नदीकाठी उभं राहून शपथ घेतली, की दाजीमुळे नाव गेलं, आता ते परत येईपर्यंत खुर्दच्या हद्दीत पाऊल टाकणार नाही. दिवाळी आली. गवराबाईने पाट मांडला, ताट सजवलं, दारात डोळे लावून बसली. भाऊ आला नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. सख्खा भाऊ हाकेच्या अंतरावर असून गवराबाईने चंद्राला ओवाळलं. मला ते सांगताना आजही गलबलून येतं.

तिने फिरोजला गाठून विचारलं, गेलेलं नाव परत येतं का? तो म्हणाला, "गवराक्का, नाव कायमचं कुणाचंच नसतं. मुदतीनं मिळतं. मालक पैसे भरायला विसरला तर थोडे दिवस त्याची वाट बघतात, मग नाव सुटतं. सुटलं की पुन्हा पहिला मागेल त्याचं." हे ऐकून तिने देवीला शब्द दिला, की नाव परत येईपर्यंत रोज बघेन. पुढे मोबाइल आले, पण रेंज फक्त इथे, या टेकडीवर. बाई रोज सकाळी फोन घेऊन वर यायची, तेलाची जाहिरात बघायची आणि खाली जायची.

गावं ती गावंच. बुद्रुकला वाटलं, ही खुर्दची सून, नाव सापडताच सासरला देईल. खुर्दला वाटलं, ही बुद्रुकची लेक, माहेरला देईल. म्हणून तिच्यावर नजर ठेवायला दोघांनी एकेक माणूस पाठवला. बुद्रुकने हिंदुरावाला, खुर्दने धोंडीरामला! दोघे इथे एकमेकांकडे पाठ करून बसायचे. टेकडी कुणाच्याच हद्दीत नाही, त्यामुळे शपथ मोडत नव्हती. गवराबाई दोघांसाठी भाकरी-ठेचा आणायची. पाठ फिरवून बसलेल्या माणसालाही भूक लागतेच. हळूहळू पाण्याचा तांब्या एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागला. बोलणं मात्र नाही.

आणि एका सकाळी ती जाहिरात गेली! गवराबाई फिरोजकडे धावली. तो म्हणाला, मालक विसरलाय, आता नाव सुटणार. मध्ये त्याची वाट बघायचे दिवस गेले, तो काही जागा झाला नाही. मग फिरोजने सांगितलं, उद्या सुटेल, पण कोणत्या घटकेला ते सांगता येत नाही.

काय दिवस होता तो! वैशाखाचं ऊन, दोन्ही गावं टेकडीवर, एका अंगाला त्यांचे ढोल, एका अंगाला आमचे. मध्ये लॅपटॉप घेऊन फिरोज, त्याच्याजवळ गवराबाई. आणि फिरोज ओरडला, "सुटलं! मालक कोण लिहू? लवकर सांगा, अशी नावं टिपायला जगभर लोक बसलेत!"

"बुद्रुक!" "खुर्द!" टेकडी डोक्यावर घेतली लोकांनी. हिंदुराव उठला. सगळ्यांना वाटलं, आता मारामारी. तो म्हणाला, "खुर्दचं लिवा. त्यांच्या चुलीवरची भाकरी खाल्लीया म्या."

धोंडीरामही उठला. "न्हाई, बुद्रुकचंच लिवा. पाव्हणं थोरलं हायती."

"अवो दाजी, तुमचं!"

"न्हाई पाव्हणं, तुमचं!"

गवराबाई कडाडली, "मागल्या डावाला माझं-माझं करून नाव घालवलंसा, आता तुमचं-तुमचं करून घालवताय व्हय? फिरोजभाऊ, माझं नाव लिवा!"

त्याने लिहिलं. नाव मिळालं! ढोल असे घुमले, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं उधळली असं सांगतात.

पुढच्या भाऊबीजेला हिंदुराव बहिणीकडे गेला. ती म्हणाली, "दादा, ओवाळणी टेकडीवर. नावाचे पैसे तू भरायचे." त्याने टेकडीवर येऊन ताटात नोटा टाकल्या. फिरोज म्हणाला, "गवराक्का, दहा वर्षांचं एकदम भरता येतं. दर साली कशाला चढायची टेकडी?"

गवराबाई म्हणाली, "दहा वर्साचं भरलं तर भाऊ दहा वर्सं यायचा न्हाई."

आजही नाव एका वर्षाचंच भरतात, आणि गवराबाईनंतरही ते बुद्रुकच्या कुणा लेकीच्या, खुर्दच्या सुनेच्याच नावावर असतं. पैसे तिचा भाऊ देतो. हल्लीची जी आहे तिचा भाऊ दुबईला असतो. तिथे बसून एका बोटाने भरता आले असते त्याला. पण गेल्या भाऊबीजेला आम्ही ढोल धरून वाट बघत होतो, तेवढ्यात खालून आरोळी आली. पोरगं विमानतळावरून थेट आलेलं, बूट हातात घेऊन टेकडी पळत चढत होतं.