पन्ह्यातले दोरे

तेविसाव्या पायरीवर थांबा. पुढे वाट नाही. पायऱ्या खाली पाण्यात जायला हव्यात, त्या इथं भिंतीला जाऊन भिडतात आणि पाणी राहतं भिंतीपलीकडे. जुन्या बारवा बघत फिरणारे तुमच्यासारखे लोक इथं आले की विचारतात, एवढी घडीव बारव आणि तिच्या तोंडाला अशी ओबडधोबड भिंत कोणी घातली? ती गावानं घातली. दोन्ही वाड्यांतले लोक दगड वाहत होते आणि चार दिवस कोणी कोणाशी बोललं नाही, असं सांगतात.

किती वर्षं झाली, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितलं, एवढंच मला ठाऊक. तेव्हा आमच्या तांबुळदऱ्याच्या दोन वाड्या होत्या, खालची आणि वरची. एरवी दोन्ही वाड्या ओढ्याचं पाणी प्यायच्या. ओढा आटला की पाऊस पडेपर्यंत ही एकच बारव. लोक पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभे राहून घागरी बुडवायचे.

खालच्या वाडीत बयजा नावाची शिंपीण राहायची. नवरा लवकर गेलेला. पदरी एकच मुलगी, हिरू. बयजाच्या हाताला मोठं कसब होतं म्हणे. चिंध्यांतून ती अशी तोरणं शिवायची, की दाराला लावल्यावर लांबून पोपटांचा थवा बसल्यासारखा दिसे. ताटावर झाकायचे रुमाल, पाटावर घालायच्या कापडी चौकटी, बाळाची दुपटी, सगळं तिच्याकडून जायचं.

हिरूचं लग्न वरच्या वाडीतल्या शिंप्याच्या घरात ठरलं. तिथली कर्तीसवरती बाई म्हणजे हिरूची सासू, कोंडाबाई. लग्न वैशाखात. बयजानं एकटीनं मांडव सजवला. प्रत्येक पाटाभोवती रांगोळी, पाटावर नवी चौकट, आणि मधोमध ओळीनं पन्ह्याचे रांजण, प्रत्येकावर मणी लावलेलं झाकण. कैऱ्या तिच्याच दारच्या होत्या. पाणी बारवेचं, कारण ओढा नुकताच आटला होता.

गावात आठ म्हातारी माणसं होती, एकाच्याही तोंडात दात नाही. पन्ह्यात कैरीच्या रेषा राहतात, त्या त्यांच्या घशात अडकायच्या. म्हणून बयजानं मांजरपाट कापडाच्या चार घड्या शिवून आठ गाळणी केली आणि आहेर म्हणून एकेकाला दिली. लोक हसले. लग्नात गाळण्याचा आहेर कोणी पाहिला होता? म्हाताऱ्यांना मात्र ती आवडली, त्यांनी मांडवातच पन्हं गाळून प्यायलं. पाणी खोल गेल्यावर गढूळ येई, तेव्हा ते तांब्याच्या तोंडाला तेच कापड बांधून पाणीही गाळून पिऊ लागले.

लग्न गोड झालं. पोटभर पन्हं पिऊन दोन्ही वाड्या घरी गेल्या.

पुढचा वैशाख आला आणि गावाला नारू लागला. तुम्ही नारू पाहिलेला नाही, बरं झालं. आधी पायावर फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा तोंड काढतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. हातभर लांब असतो. मध्येच तुटला, तर पाय सुजतो, सडतो. पूर्वीही एखाद्याला व्हायचा, पण त्या साली घरंच्या घरं आडवी झाली. पेरणीआधीच्या मशागतीला माणूस उभं राहीना. आग सोसेना म्हणून लोक खुरडत बारवेत उतरायचे आणि पाय पाण्यात सोडून बसायचे. तेवढंच बरं वाटायचं.

हिरूला सातवा महिना होता. तिच्या घोट्यातून एक आणि गुडघ्याखालून एक, असे दोन निघाले. घोट्यातला तुटला.

मग कोणाच्या तरी तोंडून ते वाक्य निघालं. पहिल्यांदा कोण बोललं ते कोणी सांगत नाही. "शिंपिणीनं पन्ह्यात दोरे घातले." दिसायला दोराच, आणि शिंपीण तर दोऱ्याचंच काम करायची. वर्षापूर्वी सगळ्यांनी तिच्याच हातचं प्यायलेलं. दोन दिवसांत सगळ्यांना ते पटलं.

बयजा वरच्या वाडीला धावली. कोंडाबाईनं दार आतून लावून घेतलं होतं.

"विहीणबाई, पोरीला नुसती बघू द्या," बयजा म्हणाली.

"आधी तुझं दोरं काढून घे तिच्या पायातलं," आतून उत्तर आलं.

बयजा तीन दिवस त्या ओट्यावर बसून होती. आत हिरू तापात बरळत होती, ते तिला ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. हिरू गेली, पोटातलं मूलही गेलं. तिरडी बाहेर काढताना बयजाला हिरूचे पाय तेवढे दिसले.

घरी येऊन ती सुईदोरा घेऊन बसली, पण हात चालेना. दिवाळीआधी गाव सोड, असा पाटलाचा निरोप आला होता. अशात एक दिवस धर्मा गुरव तिच्या दारात आला. सत्तरी उलटलेला, आठ म्हाताऱ्यांतला एक. त्याचं गाळणं विरलं होतं, त्याला नवं हवं होतं. बयजा त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, पायांकडे बघत होती.

"धर्माबाबा, तुमचे पाय बरे हायेत?"

"मला काय झालंय? चालत आलो की."

"आणि बाकीचे सात?"

म्हाताऱ्यानं बोटं मोजली. कोणालाच झाला नव्हता. तरणेताठे लोळत होते आणि ज्यांनी आधी जायचं ते आठही जण हिंडतफिरत होते. धर्मा गुरव खाली बसला. मग दोघांनी मिळून ते विरलेलं कापड उन्हात धरून पाहिलं, असं सांगतात. कापडात काही दिसलं नाही. पण बयजाला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ती पंचांसमोर उभी राहिली. देवजी पाटलाच्या स्वतःच्या पायाला काडी बांधलेली होती.

"मी दोरं घातलं असतं तर या आठांनीबी तेच पन्हं प्यायलंय," ती म्हणाली. "त्यांनी गाळून प्यायलं. दोरा पाण्यात हाय. कापडानं अडतो."

पाटील म्हणाला, "आठ म्हाताऱ्यांवरनं गावानं कसं मानायचं?"

"मग माझ्यावरनं माना. पाऊस पडून ओढा वाहीपर्यंत दोन्ही वाड्यांची घागर न् घागर मी बारवेवर गाळून देते. त्याबिगर थेंब पिऊ नका. मी मात्र न गाळता पिते. पुढच्या वैशाखात बघा."

"आणि खोटं ठरलं तर?"

"खोटं ठरलं तर माझे पाय धड राहतील. मग द्या मला हाकलून."

पंचांनी ते मान्य केलं. धर्मा गुरव तेवढा म्हणाला, की पोरी, असं नको करू. तिनं ऐकलं नाही. ज्या पाण्यानं हिरू गेली ते तिला प्यायचंच होतं, असंही काही जण सांगतात. खरं काय ते तिलाच ठाऊक.

त्या दिवसापासून बयजा बारवेच्या काठावर बसली. पहाटेपासून घागरी यायच्या. चार घड्यांचं रुंद कापड घागरीच्या तोंडावर धरायला दोन माणसं लागतात, पण तिच्या शेजारी उभं राहायला कोणी तयार नव्हतं. ती एक टोक दगडाखाली दाबायची, दुसरं हातात धरायची. दगड सरकला की पाणी सांडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

नवव्या की दहाव्या दिवशी कोंडाबाई आली. तिच्याही पायाला काडी होती. तिनं दगड बाजूला सारला आणि कापडाचं टोक हातात घेतलं. बऱ्याच घागरी गाळून झाल्यावर बयजानं विचारलं,

"शेवटी काय म्हणत होती?"

"तुला बोलवत होती," कोंडाबाई म्हणाली. "मी दार उघडलं नाही."

बयजानं कापड पिळलं, झटकलं आणि पुढची घागर घेतली. पाऊस येईपर्यंत त्या दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहिल्या. रोज संध्याकाळी बयजा ओंजळीनं बारवेचं पाणी प्यायची आणि कोंडाबाई तोंड फिरवायची.

त्या काळात बयजानं आणखी एक गोष्ट हेरली. फोड आलेला पाय पाण्यात गेला, की फोडातून ताकासारखं पांढरं पाण्यात उतरतं. "पाय पाण्यात नको," ती सगळ्यांना सांगायची. पण आग होत असताना कोण ऐकतं?

पुढचा वैशाख आला. दोन्ही वाड्यांत एकाच्याही पायाला फोड आला नाही. बयजाला सात नारू निघाले. त्यातला एक पाठीतून. कोंडाबाईनं तिला आपल्या घरी नेलं, हिरू होती त्याच खोलीत ठेवलं, आणि सातही काड्या रोज तीच फिरवायची. पाठीतला तुटला. ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात बयजा गेली. देवजी पाटील शेवटाला तिच्या उशाशी आला होता. काय हवं ते माग, म्हणाला. ती म्हणाली, "पायऱ्या बुजवा."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीचं काम सुरू झालं. पाणी वरून दोरानं ओढायचं, पाय पाण्यात जाता कामा नये. पहिला दगड पाटलानं ठेवला. ज्यांनी दोऱ्याची गोष्ट पसरवली होती, त्यांनी बाकीचे वाहिले, म्हणजे सगळ्या गावानंच.

आता नळ आले, नारू देशातून गेला. तरी आजही तांबुळदऱ्यात मुलीचं लग्न लागलं, की पाठवणीआधी पन्ह्याचं भांडं मांडवाच्या मध्ये आणतात. मुलीच्या आईनं शिवलेलं गाळणं एका बाजूनं तिची आई धरते, दुसऱ्या बाजूनं सासू. ओतायचं नवऱ्या मुलीनं. त्या वेळी वाजंत्री थांबवतात. पन्हं गाळून झालं, की सासू ते ओलं कापड पिळते आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विहिणीला सांगते, "माझं दार तुम्हाला उघडं आहे." हे सांगितल्याशिवाय आमच्या गावातून मुलगी निघत नाही.