वेशीच्या खांबातला खळगा

खडकनेरची वेस ओलांडूनच आलात तुम्ही, पण उजव्या हाताचा खांब काही कुणी पाहिला नसणार. कुणीच पाहत नाही. त्यात खांद्याच्या उंचीवर एक खळगा आहे, माणसाचा खांदा बरोब्बर मावेल एवढा. लावा हात खुशाल.

असं सांगतात, फार पूर्वी नदीनं निम्मी पेठ धुऊन नेली. पूर अडवायला भिंत हवी आणि नगराची तिजोरी तर रिकामी. तेव्हा नगरशेट होते हरबाशेट. माणूस सरळ, पण हेकेखोर. त्यांनी परगावच्या सावकाराचं कर्ज काढलं आणि फेडीपोटी वेशीवरच्या जकातीचा मक्ता त्यालाच दिला. जकात म्हटली की गावातले बडे लोक सूट मागायला दारात हजर, याचा शेटजींना भारी वैताग. म्हणून त्यांनी भर सभेत सावकाराला शब्द दिला, की कर्ज फिटेपर्यंत वेशीतून काहीही जावो, कुणालाही सूट नाही. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं म्हणे, आपण सगळ्यांना एका मापानं मोजलं म्हणून.

भिंत झाली, पूर अडला. मग ठकूबाई बुरुडणीचा तरणा मुलगा तापानं गेला. मसणवट वेशीबाहेर, नदीकाठी. सावकाराच्या नाकेदारानं तिरडी अडवली आणि जकात मागितली. ठकूबाईनं कापडसुद्धा उसनवारीनं आणलेलं, ती कुठून देणार? लोक शेटजींना घेऊन आले. ते नाकेदारावर तडकले. नाकेदार शांतपणे म्हणाला, "शब्द तुमचाच आहे, शेटजी. मेलेल्यांना सूट, असं तुम्ही म्हणाला नव्हता."

खरंच, मेलेल्यांची त्यांना आठवणच झाली नव्हती. शब्द मोडावा तर सावकार सगळी रक्कम एकदम मागणार, गावाचा लिलाव व्हायचा. शेटजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हातातलं कडं काढून नाक्यावर ठेवलं, तिरडीला खांदा दिला आणि वेशीतच शपथ घेतली, की कर्ज फिटेपर्यंत गरिबाघरच्या प्रत्येक तिरडीची जकातही माझी आणि खांदाही माझा.

पुढं पटकीची साथ आली. तिरड्यांच्या जकातीपायी शेटजींचं शेत गेलं, घर गेलं. शेटजी दिवसभर खांबाला टेकून पुढच्या तिरडीची वाट बघायचे. दगड झिजला तो तेव्हा, असं सांगतात. एक दिवस ते स्वतःच गेले. कर्ज अजून बाकी होतं. नाकेदारानं त्यांचीही तिरडी अडवली, आणि जमलेला गाव माना खाली घालून उभा राहिला.

बाया तेव्हा मसणात जात नसत. म्हातारी ठकूबाई पुढं आली, पदराची गाठ सोडून टोपल्या विकून साठवलेलं नाक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या पोराला यांनी नेलं. यांना मी नेते."

कर्ज फिटलं ते नातवंडांच्या काळात. जकात गेली, नाकाही गेला. कर्जं मात्र निघतातच, रस्त्यांसाठी, गटारांसाठी. आजही नगरपालिकेत कर्जाचा किंवा नव्या कराचा ठराव असला, की आधी नगराध्यक्ष इथं येतात, या खळग्याला खांदा लावतात आणि समोर उभ्या असलेल्या बुरुडआळीतल्या थोरल्या बाईला विचारतात, "यात कुणाला विसरलो का?"

ती बोटांवर एकेक आळी, एकेक घर मोजते, मगच उत्तर देते.