कासाराची काकवी

एका गावात एक कासार राहत होता. वर्षभर बांगड्यांची पेटी पाठीला लावून तो वाड्यावस्त्या फिरायचा, पण थंडीचे दोन महिने त्याचा पाय काही घराबाहेर पडायचा नाही. कारण घरामागे ओढ्याकाठी शिंदीची तीन झाडं होती, आणि कासाराला काकवी करायचा नाद होता.

संध्याकाळी तो शिडी लावून झाडावर चढायचा, शेंड्याखाली खाच पाडायचा, खाचेत वेळूची पन्हळ खोचायचा आणि खाली मडकं बांधायचा. रात्रभर झाडाचा गोड रस, म्हणजे नीरा, थेंबाथेंबाने मडक्यात उतरायची. सकाळी अंघोळ, पूजा, न्याहारी सगळं सावकाश आटोपून तो मडकी खाली काढायचा आणि कढई चुलीवर चढवायचा. मळी काढत काढत दुपारपर्यंत आटवलं, की मडकंभर नीरेची वाटीभर काकवी व्हायची. ती तो विकायचा नाही. पोटाला बांगड्या होत्याच. काकवी तो घरोघर वाटायचा.

हा नाद त्याला लागला तो रागापायी. तेही सांगतो. ती झाडं त्याच्या आईची. आईच्या हातची काकवी अशी, की पोरं वाटी चाटूनपुसून धुतल्यासारखी करायची. आई गेली तेव्हा कासाराची थोरली बहीण, आक्का, भरल्या घरात म्हणाली, "आता कसली काकवी? याच्याच्यानं काही ती व्हायची नाही." झालं! कासाराच्या डोक्यात तिडीक गेली. तोही नको ते बोलला, आणि बहीणभावाचं बोलणं तुटलं. त्याच थंडीत त्याने शिडी खांद्यावर घेतली. आक्काला एक दिवस वाटी चाखायला लावायची आणि तिचे शब्द तिच्या पदरात घालायचे, एवढाच त्याचा हेका.

आता त्या गावाची एक रीत होती. कुणी आपल्या हातचं काही आणून दिलं, तर त्याला नावं ठेवायची नाहीत. भाकरी करपलेली असो, लोणचं नुसतं मीठ असो, तोंड वाकडं न करता म्हणायचं, "वा, छान झालंय!" रीत तशी वाईट नव्हती. गावात भांडणं कमी होती. पण त्यामुळे झालं काय, की कासार दर थंडीला काकवी वाटायचा, दर घरातून "वा, छान!" ऐकायचा आणि फुगत जायचा.

एका थंडीत शेजारच्या घरात नवी सून आली. वेणू तिचं नाव. ती होती दूरच्या गावची. तिला ही रीत कुठली ठाऊक? कासार वाटी घेऊन गेला, सासूने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "वा, छान झालीये हो!" वेणूनेही चाखलं आणि सरळ विचारलं, "काका, ही आंबलीय का?"

"अगं बाई! गप गं!" सासूने कपाळावर हात मारला. "पोर आहे हो, मनावर घेऊ नका."

मनावर कसं नाही घ्यायचं? कासार तणतणत घरी आला. "कालची आलेली पोर, मला शिकवते! का गं, आंबूस लागते आपली काकवी?"

बायको भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "छानच असते की." कासाराचं तेवढ्यापुरतं समाधान झालं. पण वेणूचा प्रश्न काही कानातून जाईना.

आणि नेमका त्याच आठवड्यात निरोप आला. आक्का पुतणीच्या लग्नाला निघाली होती. वाट याच गावावरून होती. दुपारी बैल सोडायला गाडी थांबेल, तेव्हा घटकाभर येऊन जाईन, असं तिने कळवलं होतं. कासाराने वाटी घासूनपुसून लख्ख केली. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती स्वतःहून दारात येणार होती.

आक्का आली. पार वाकली होती, केस पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कासाराने मुकाट्याने वाटी पुढे केली. आक्काने काकवी चाखली. घोट गिळायला तिला जरा वेळच लागला. मग तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "वा, छान झालीये." आणि पदर सावरून उठली. "येते मी. गाडी खोळंबलीय."

झाली की फत्ते! ज्या शब्दांसाठी कासार इतक्या थंड्या कुडकुडला, ते शब्द आक्काच्या तोंडून निघाले होते. आता गप्प राहायचं आणि मिशीवर ताव द्यायचा. पण आक्काही त्याच गावात वाढलेली. तिलाही रीत ठाऊक होती. हे कासाराच्या ध्यानात आलं. विचारलं, तर मिळालेलं हातचं जाणार. नाही विचारलं, तर आक्का निघून जाणार, आणि या वयात ती पुन्हा कधी येणार?

"आक्का, थांब," तो म्हणाला. "रीत राहू दे बाजूला. खरं सांग. आईसारखी झालीये?"

आक्का उंबऱ्यात थबकली. तिने भावाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो चिडून विचारत नाही, हे तिला दिसलं.

"नाही रे," ती हळूच म्हणाली. "आंबूस आहे."

कासाराला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण तो म्हणाला, "मग माझं चुकतं कुठे? आई करायची तसंच तर करतो. खाच तशीच, कढई तीच, जाळही तेवढाच."

"मडकी कधी उतरवतोस?"

"न्याहारी झाली की."

आक्काला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "अरे वेड्या, आई तांबडं फुटायच्या आत उतरवायची! ऊन लागलं की नीरा आंबते. आंबलेली मग कितीही आटव. तू उठायचास तेव्हा कढई चुलीवर चढलेली असायची. त्याच्या आधीचं तू कधी पाहिलंच नाहीस. तू झोपलेला असायचास. मी जायची आईबरोबर शिडी धरायला. म्हणून म्हणाले होते मी, तुझ्याच्यानं व्हायचं नाही. पण ते असं चारचौघांत बोलायला नको होतं."

"आणि मीही तुला विचारायला हवं होतं," कासार म्हणाला.

गाडी लग्नाला गेली. आक्का मात्र राहिली. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच दोघं ओढ्यावर गेली. आक्काने शिडी धरली, कासाराने मडकी उतरवली. नीरा थंडगार होती. न्याहारी-बिहारी सगळं मागे ठेवून तिथूनच कढई चढली. वेणूचा प्रश्न कासाराने आक्काला रात्रीच सांगितला होता. दुपारी काकवी तयार झाली, तेव्हा ती म्हणाली, "त्या शेजारच्या पोरीला आधी बोलाव."

वेणू आली. तिने चाखलं, मग पुन्हा चाखलं आणि वाटी पुढे केली. "काका, अजून आहे?" सासूने कुंपणापलीकडून पुन्हा कपाळावर हात मारला. कासार खो खो हसत सुटला. इतक्या वर्षांत त्याची काकवी कुणी दुसऱ्यांदा मागितली नव्हती.

मग त्याने आक्काकडे वळून विचारलं, "तू सांग."

आक्काने वाटी तोंडाला लावली. मग तिने ती बोटाने निपटून घेतली. "चव आईची आहे," ती म्हणाली. "पण जरा पातळ राहिलीय."

कासाराला एवढा आनंद आजवर कुठल्याच "वा, छान"ने झाला नव्हता. कारण ही चव आईची आहे, यावर आता त्याला विश्वास ठेवता येत होता.

"उद्या अजून थोडी आटवू," तो म्हणाला.

"आटवू," आक्का म्हणाली आणि कढई घासायला बसली.

तात्पर्य काय, तर जो आपली चूक सांगतो, त्याचीच शाबासकी खरी मानावी. आणि त्याच्याकडून चूक ऐकायची, तर आपणच आधी मनापासून विचारावं.